पलटण नसलेला जनरल

१९ ऑक्टोबर २००४ च्या रात्री म्यानमारच्या सरकारी दूरचित्रवाणीवर एक निवेदन वाचून दाखवण्यात आले. पंतप्रधान जनरल खिन न्युंट यांना प्रकृतीच्या कारणावरून निवृत्त होण्याची परवानगी देण्यात आली आहे. खाली सही लष्करी राजवटीचे प्रमुख सीनियर जनरल थान श्वे यांची. बस्स, एवढेच. ना आभार, ना सेवेचा गौरव. खरे काय घडले ते जगाला रंगूनकडून कळलेच नाही, बँकॉकमधून थाई सरकारच्या प्रवक्त्याने सांगितले: पंतप्रधानांना पदावरून काढून नजरकैदेत टाकले आहे.

हे प्रकरण मी अभ्यासाला घेतले ते एका साध्या प्रश्नासाठी. देशातल्या प्रत्येकाची खबर वीस वर्षे ज्या माणसाकडे जात होती, त्याला स्वतःबद्दलची खबर लागली नाही, असे कसे? नेहमीचे उत्तर असते, 'हेरखात्याचा प्रमुखच गाफील राहिला.' मला ते पटत नाही. त्या महिन्याभरात जे घडत होते ते कुणाच्याही नजरेतून सुटणारे नव्हते. खबर लागली असणार, पण तिचे करायला त्यांच्या हातात काही नव्हते. लष्करी राजवटीत जनरलची किंमत त्याच्या हुकमावर किती बटालियन हलतात यावर ठरते आणि खिन न्युंट यांच्या हुकमावर एकही हलत नव्हती. त्यांची कारकीर्द घडली ती याच उणिवेमुळे, आणि मोडलीही तिच्यामुळेच.

मोकळी झालेली खुर्ची

जन्म ११ ऑक्टोबर १९३९, रंगूनजवळच्या चाउतान भागातला. कॉलेज अर्धवट सोडून ऑफिसर ट्रेनिंग स्कूलच्या २५ व्या तुकडीतून ते लष्करात आले. पुढची वीसेक वर्षे कोणत्याही पायदळी अधिकाऱ्याची असतात तशी गेली. त्यांचे नाव व्हावे असे त्यात काही नव्हते. त्यांचे नशीब उघडले १९८३ मध्ये, आणि तेही दुसऱ्याच दोघांच्या करणीने.

पहिली करणी ने विन यांची. १९६२ पासून सत्ता हातात असलेल्या या म्हाताऱ्या हुकूमशहाचा गुप्तचर प्रमुख होता टिन ऊ, चष्मेवाला टिन ऊ म्हणून ओळखला जाणारा. नंबर दोनचा माणूस म्हणून लोक त्याच्याकडे बघू लागले, आणि तिथेच त्याचे चुकले. १९८३ च्या मध्यावर त्याला घरी बसवले, मग भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली जन्मठेप झाली. त्याच्याबरोबर त्याने उभे केलेले सगळे जाळे उपसून टाकले. खबरे, अंमलदार, फायली सांभाळणारे, सगळे गेले.

दुसरी करणी उत्तर कोरियाची. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला दक्षिण कोरियाचे अध्यक्ष चुन डू ह्वान रंगूनच्या हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र वाहणार होते. उत्तर कोरियाच्या तीन लष्करी अधिकाऱ्यांनी स्मारकाच्या छतात बॉम्ब दडवले होते. चुन यांना यायला थोडा उशीर झाला. दक्षिण कोरियाच्या राजदूतांची गाडी आधी पोचली, बिगुल वाजला, दूर उभ्या मारेकऱ्यांना वाटले पाहुणे आले, आणि त्यांनी कळ दाबली. २१ माणसे मेली. त्यात दक्षिण कोरियाचे परराष्ट्रमंत्र्यांसह चार मंत्री होते. चुन वाचले. परक्या देशाचे लोक राजधानीत येतात, सगळ्यात पवित्र राष्ट्रीय स्मारकाच्या छतावर चढून बॉम्ब लावतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण पत्ता लावणारे पाच महिन्यांपूर्वीच तुरुंगात गेलेले!

तेव्हा ने विन यांना नवा माणूस हवा होता. पूर्वअट एकच: टिन ऊसारखा स्वतःचा गोतावळा असलेला नको. खिन न्युंट त्या अटीत चपखल बसले. पायदळाच्या डिव्हिजनमधून त्यांना राजधानीत बोलावले गेले आणि १९८४ मध्ये लष्करी गुप्तचर विभाग त्यांच्या हाती आला. मागे कुणी नाही, म्हणून ही खुर्ची मिळाली. हे पुढे ध्यानात ठेवायचे.

सेक्रेटरी नंबर एक

१९८८ च्या उठावाची हकिकत मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते. जुलैत ने विन यांनी पक्षप्रमुखपद सोडले, ८ ऑगस्टला देशभर लोक रस्त्यावर उतरले, आणि १८ सप्टेंबरला लष्कराने सत्ता पुन्हा उघडपणे हातात घेतली. गोळीबारात किती गेले याचा खरा हिशेब कधी झाला नाही. हजारोंच्या भाषेतच बोलले जाते. नव्या मंडळाचे नाव मोठे लांबलचक होते, राज्यात कायदा व सुव्यवस्था पुनःस्थापित करणारी परिषद. अध्यक्ष सॉ माँग आणि पहिले सचिव खिन न्युंट. राजदूतांच्या बोलण्यात 'एस-वन', म्हणजे सेक्रेटरी नंबर एक. रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी मात्र त्यांच्या खात्याचे नाव होते 'एमआय', म्हणजे मिलिटरी इंटेलिजन्स. चहाच्या टपरीवर कुणी शेजारी येऊन बसला की आवाज खाली यायचा, तो याच दोन अक्षरांमुळे.

पुढे परदेशी वकिलातींनी खिन न्युंट यांना 'उदारमतवादी', 'मवाळ' अशी विशेषणे चिकटवली, म्हणून एमआय नेमके काय करत असे ते सांगून ठेवतो. रात्री दारावर थाप. डोक्यावर बुरखा. कित्येक दिवस झोपू न देता चौकशी. सुटून आलेल्या राजबंद्यांनी एका शिक्षेचे वर्णन पुन्हा पुन्हा केले आहे. माणसाला अर्धवट बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे करायचे, हात पुढे हँडल धरल्यासारखे, आणि तोंडाने मोटरसायकलचा आवाज काढायला लावायचे. पाय थरथरून माणूस कोसळेपर्यंत. ज्या कारकिर्दीबद्दल आपण बोलतो आहोत तिच्या तळघरात हे चालत असे. वर बैठकीच्या खोलीत तो माणूस पाहुण्यांशी सभ्यपणे, हसून आणि मुद्देसूद बोलायचा. इतर जनरल बोलायचेच नाहीत. त्यामुळे बोलतो तो मवाळ, असे समीकरण झाले.

बोलण्याची हौस मात्र खरी होती. १९८९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पत्रकारांना बसवून तासन्‌तास सांगितले की उठावामागे कम्युनिस्टांचा कट होता. सप्टेंबरमध्ये पुन्हा तशीच बैठक, आणि या वेळी कट उजव्या गटांचा व परदेशातल्या त्यांच्या साथीदारांचा. दोन्ही भाषणांची पुस्तके निघाली, नावे, तारखा, पत्रव्यवहार सगळे त्यात. एका महिन्यात डावा कट आणि उजवा कट. विनोद सोडा. ती पुस्तके आज चाळली की या माणसाची शैली दिसते: प्रत्येक गोष्टीची फाईल आहे, आणि फाईल म्हणजेच सत्ता, असा ठाम विश्वास.

मे १९९० मध्ये निवडणूक झाली. आंग सान स्यू की नजरकैदेत असतानाही त्यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा घेतल्या आणि लष्कराने सत्ता सोडायला नकार दिला. १९९२ मध्ये सॉ माँग जाऊन थान श्वे आले. अध्यक्ष बदलला तरी पहिला सचिव तोच राहिला.

सीमेवरचा व्यवहार

खिन न्युंट यांचे खरे कर्तृत्व शोधायचे तर राजधानीत नाही, चीनच्या सीमेवर शोधावे लागते.

तिथून सरकारशी लढणाऱ्या ब्रह्मी कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध मार्च १९८९ मध्ये त्याच्याच कोकांग भागातल्या सैनिकांनी बंड केले. एप्रिलमध्ये वा टोळ्यांच्या सैनिकांनी पक्षाचे मुख्यालय पांगसांगच ताब्यात घेतले, आणि म्हातारे पुढारी नदी ओलांडून चीनमध्ये पळाले. चाळीस वर्षे लढलेला पक्ष काही आठवड्यांत संपला. मागे उरल्या हजारो बंदुका आणि त्या धरणारे नाराज लोक. देशातला उठाव नुकताच चिरडलेला होता, परागंदा विद्यार्थी याच जंगलांत पोचत होते. त्या बंदुका आणि ते विद्यार्थी एकत्र आले असते तर राजवटीचे काय झाले असते, सांगता येत नाही.

खिन न्युंट तिथे हेलिकॉप्टरने गेले. मध्यस्थ म्हणून वापरला तो लो शिंग हान, एके काळचा अफूचा सम्राट, जो मरणाची शिक्षा झालेली असतानाही १९८० च्या माफीत सुटलेला होता. सौदा असा: तुमच्या बंदुका तुमच्याकडे, तुमचा मुलूख तुमच्याकडे, व्यापार करा, फक्त आमच्यावर गोळी झाडू नका आणि आमच्या शत्रूला आसरा देऊ नका. व्यापार कसला ते दोन्ही बाजूंना माहीत होते. त्यानंतरच्या वर्षांत त्या डोंगरांतली अफू वाढली, पैसा रंगूनच्या इमारतींत आणि हॉटेलांत मुरला. लो शिंग हानच्या कुटुंबाचा उद्योगसमूह देशातल्या मोठ्या समूहांत गणला जाऊ लागला.

या सगळ्याची नैतिक बाजू काय ती उघडच आहे. पण कारागिरी म्हणून पाहिले तर हा माणूस इथे अव्वल होता. कोणत्या सरदाराचे कुणाशी वाकडे आहे, कुणाला रस्ता हवा आहे, कुणाला इस्पितळ, कुणाला फक्त मान, हे त्याला पाठ असे. एकामागून एक गट आले. फेब्रुवारी १९९४ मध्ये काचिन संघटनाही आली. जानेवारी १९९६ मध्ये अफूसम्राट खुन सा आपल्या फौजेसह शरण आला आणि रंगूनमध्ये सुखाने राहू लागला. सरकारी हिशेबाने १७ गट 'कायद्याच्या कक्षेत' आले होते.

आता यातली ग्यानबाची मेख. काचिनांचा करार तेवढा कागदावर होता, बाकीचे जवळपास सगळे तोंडी. म्हणजे हे करार म्यानमार सरकारशी झालेले नव्हतेच. ते खिन न्युंट नावाच्या माणसाच्या शब्दाशी झालेले होते. त्याला वाटले असेल की हीच आपली पुंजी. प्रादेशिक कमांडरांना मात्र वेगळे दिसत होते. ज्यांच्याशी आपण रक्त सांडले, ज्यांना आणखी दोन मोसमांत संपवले असते, त्यांना हा हेर गाड्या, परवाने आणि मान देतो आहे, आणि आपल्या हद्दीत आपल्यालाच विचारत नाही.

नाना आणि महादजी

लष्कराच्या आत, ज्याला ब्रह्मी लोक तत्मडॉ म्हणतात, दोन जाती होत्या असे म्हटले तरी चालेल. एक, बंदूक घेऊन जंगलात लढलेले आणि मग प्रादेशिक कमांडर म्हणून एकेका प्रांताचे जवळजवळ सुभेदार झालेले. दुसरी, एमआयवाले, जे त्यांच्यावर नजर ठेवत. कमांडरच्या तळावर एमआयची तुकडी असे, पण ती कमांडरला नव्हे, थेट रंगूनला अहवाल देई. कोणत्या कमांडरने सागवानाचे किती ट्रक सोडले, कुणाच्या बायकोने किती माणके घेतली, सगळे फायलीत जाई. त्या लष्करात एमआयवाल्यांबद्दल प्रेम असण्याचे कारणच नव्हते.

पायदळवाल्यांचा म्होरक्या होता माँग आय, डिफेन्स सर्व्हिसेस अकादमीच्या पहिल्या तुकडीचा, रणांगणावरचा माणूस. राजवटीत क्रमांक दोन तो, क्रमांक तीन खिन न्युंट, आणि दोघांच्या वर थान श्वे. दोघे एकमेकांच्या उरावर बसलेले असतील तोपर्यंत थान श्वे यांना कुणाचीच भीती नव्हती.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर नाना फडणवीस डोळ्यांसमोर येतात. हिंदुस्थानातल्या कुठल्या दरबारात काय शिजते आहे ते पुण्यात बसून नानांना कळे. त्यांच्या बातमीदारांची कीर्ती इंग्रजांनीही मान्य केली. पण फौज महादजी शिंद्यांची. महादजी होते तोवर तोल सांभाळला गेला. पुढे दौलतराव शिंद्यांच्या लोकांनी १७९७ च्या अखेरीस नानांना दगा देऊन पकडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले, तेव्हा सगळी बातमीदारी जागच्या जागी होती. ती किल्ल्याचे दार उघडू शकली नाही. नाना पुढच्या वर्षी सुटले हे त्यांचे नशीब. तुलना इथेच थांबवतो, कारण नानांची आणि या गृहस्थांची बाकी कशातच बरोबरी होत नाही.

खिन न्युंट यांच्याकडे फौजेच्या जागी एक छत्री होती: ने विन. वृद्ध, पडद्याआडचे, पण जिवंत. मार्च २००२ मध्ये ती छत्रीच मिटली. ने विन यांचा जावई आणि तीन नातवंडे बंडाच्या कटाच्या आरोपाखाली पकडली गेली. ने विन आणि त्यांची लाडकी मुलगी सांडा विन घरातच कोंडले गेले. सप्टेंबरमध्ये चौघांना देहदंड सुनावला गेला. आणि हे सगळे पत्रकारांना समजावून सांगायला कोण पुढे होते? एमआयचेच अधिकारी. ज्या घराने खुर्ची दिली त्या घरावर आपल्याच खात्याचा छापा. आतून त्या माणसाला काय वाटले असेल, नोंद नाही.

५ डिसेंबर २००२ ला ने विन गेले. त्याच दिवशी दहन उरकण्यात आले. मोजकी माणसे, सरकारी इतमाम नाही. २६ वर्षे देश मुठीत ठेवणाऱ्याची अशी बोळवण पाहून त्याच्या मानसपुत्राला पुढचे पान दिसले नसेल, हे मला तरी शक्य वाटत नाही.

बढती

३० मे २००३ रोजी देपायिनजवळ आंग सान स्यू की यांच्या ताफ्यावर जमावाने लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. बरीच माणसे मेली, त्या स्वतः थोडक्यात वाचल्या आणि पुन्हा अटकेत गेल्या. जगभर ओरड झाली. राजवटीला चेहरा हवा होता, आणि बोलता येणारा चेहरा एकच होता. २५ ऑगस्टला खिन न्युंट पंतप्रधान झाले. पाचच दिवसांनी त्यांनी 'शिस्तबद्ध लोकशाही'कडे नेणारा सात टप्प्यांचा आराखडा जाहीर केला.

बाहेरून पाहणाऱ्याला ही बढती वाटली. पण परिषदेच्या पहिल्या सचिवाची खुर्ची, जिच्यावरून पंधरा वर्षे कागद फिरत होते, ती या बदलात दुसऱ्याकडे गेली, सो विन यांच्याकडे. देपायिनच्या हल्ल्यामागचा माणूस म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जात होते, तोच हा. पंतप्रधानाकडे लष्कराचा एकही हुकूम नव्हता. आपल्याकडच्या कार्यालयांतही ही रीत जुनी आहे, मोठी केबिन द्यायची आणि सहीचा अधिकार काढून घ्यायचा.

हातात उरले एमआय आणि त्या आराखड्याचा कागद. मे २००४ मध्ये राज्यघटनेचा मसुदा ठरवणारे राष्ट्रीय अधिवेशन पुन्हा भरले, युद्धबंदीचे सगळे गट आपापल्या पारंपरिक पोशाखात येऊन बसले. स्यू की यांच्या पक्षाला आत आणण्याची बोलणी तुटली होती, त्यामुळे त्या खुर्च्या रिकाम्या. ज्याने माणसे जमवली त्याला निर्णय करता येत नव्हता.

म्यूसचे नाके

सप्टेंबर २००४. चीनच्या सीमेवरचे म्यूस हे गाव म्हणजे देशाच्या व्यापाराचा गळा. येणारा जाणारा प्रत्येक ट्रक तिथल्या नाक्यावर थांबायचा, आणि तिथे एमआयचा शब्द चालायचा. लष्कराच्या पथकाने नाक्यावर धाड घातली. सोने, रोकड, जडजवाहीर सापडल्याचे सांगितले गेले आणि एमआयचे अधिकारी धरले गेले. लाच कोण खात नव्हते? त्या सीमेवर पायदळाचे कमांडरही काही उपाशी नव्हते. म्हणून धाडीत काय सापडले यापेक्षा धाड कुणी कुणावर घातली ते पाहायचे. आजवर एमआय इतरांची झडती घेत आले होते.

त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री विन आँग यांना काढले. ते खिन न्युंट यांच्या गोटातले, सगळ्या देशाला माहीत असलेले. आता हे कळायला हेरखाते लागत नाही. एमआय आता कमांडरांच्या भानगडींच्या फायली गोळा करते आहे, अशी कुजबूज होती. असेलही. शेवटपर्यंत त्यांचा भरवसा फायलीवरच होता.

१८ ऑक्टोबरला त्यांना ताब्यात घेण्यात आले. एमआयची कार्यालये पायदळाने वेढली. कुठेही एक गोळी झाडली गेली नाही, कारण झाडणार कोण? काही दिवसांतच गुप्तचर खात्यांची शिखर संस्था असलेला राष्ट्रीय गुप्तचर ब्युरो बरखास्त झाला. हजारो माणसे घरी गेली, शेकडो तुरुंगात. खटले इन्सिन तुरुंगाच्या आतच चालले. योगायोग असा की १९८३ च्या स्फोटातला जिवंत हाती लागलेला उत्तर कोरियाचा अधिकारी तेव्हाही त्याच तुरुंगात दिवस काढत होता. ज्याच्या बॉम्बने खिन न्युंट यांना खुर्ची मिळवून दिली, त्याच्या शेजारच्या बराकीत आता त्यांचे लोक. माजी परराष्ट्रमंत्री विन आँग २००९ मध्ये तुरुंगातच वारले.

जुलै २००५ मध्ये खिन न्युंट यांना ४४ वर्षांची शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवून घरीच कोंडण्यात आले. मुलांना ती सवलत नव्हती. एक मुलगा ये नाइंग विन 'बगान सायबरटेक' या इंटरनेट कंपनीचा प्रमुख होता. दोन्ही मुलांना काही दशकांच्या शिक्षा झाल्या. घर फिरले की वासेही फिरतात म्हणतात. इथे तर वासे मोजून उतरवले.

त्यातली सगळ्यात खोचक गोष्ट नोव्हेंबर २००४ ची. सरकारने जाहीर केले की गुप्तचर ब्युरोने चुकीच्या पद्धतीने डांबलेल्या ३,९३७ कैद्यांना सोडण्यात येत आहे. बहुतेक साधे गुन्हेगार होते, पण काही राजबंदीही बाहेर आले. त्यांत मिन को नाइंग होते, १९८८ च्या विद्यार्थ्यांचे पुढारी, ज्यांना एमआयने मार्च १९८९ मध्ये उचलले होते. साडेपंधरा वर्षे त्यांना आत ठेवणारी राजवट अंगावरची धूळ झटकून म्हणत होती, आम्ही नाही, तो करत होता.

दिल्लीत या पडझडीवर कुणी अश्रू ढाळले नाहीत. साउथ ब्लॉकच्या नजरेत खिन न्युंट चीनकडे झुकलेले, आणि भारताचा संबंध जुळला होता तो माँग आय यांच्याशी, २००० मधल्या त्यांच्या भेटींपासून. अटकेला जेमतेम आठवडा होतो तोच, २५ ऑक्टोबरला, थान श्वे भारताच्या दौऱ्यावर दाखल झाले. घर सोडून परदेशी जायला ते इतके निर्धास्त होते, यातच पायदळावरची त्यांची पकड कळते.

पुन्हा तीच पोकळी

१९८३ मध्ये हेरखाते उपसले आणि पाच महिन्यांत हुतात्मा स्मारकावर स्फोट झाला. २००४ मध्ये पुन्हा उपसले. ७ मे २००५ रोजी रंगूनमध्ये तीन ठिकाणी, दोन सुपरमार्केटांत आणि एका व्यापार प्रदर्शनात, एकाच दुपारी बॉम्ब फुटले. मृतांचा सरकारी आकडा आधी ११ होता, मग २३ झाला. ऑगस्ट २००७ मध्ये इंधनाचे भाव एका रात्रीत वाढवले गेले आणि सप्टेंबरपर्यंत हजारो भिक्खू रस्त्यावर आले. मठामठांत काय चालले आहे ते जुन्या एमआयला आधी कळले असते, असे म्हणणारे तेव्हा खूप होते. ते खरे की खोटे, तपासायला मार्ग नाही. नव्या खात्याकडे तशी माणसे नव्हती, एवढे मात्र खरे.

सीमेवर तोंडी करारांचा वारस कुणीच नव्हता. फेब्रुवारी २००५ मध्ये शान नेते सो तेन यांना पकडून १०६ वर्षांची शिक्षा देण्यात आली, ज्यांच्याशी सोळा वर्षे युद्धबंदी होती. त्याच वर्षी शानांचा एक गट शस्त्रे घेऊन पुन्हा जंगलात गेला. २००९ मध्ये राजवटीने सगळ्या गटांना सीमा रक्षक दलात सामील व्हायला फर्मावले. कोकांगने ऐकले नाही, आणि ऑगस्टमध्ये लष्कर घुसले. वीस वर्षांपूर्वी जिथे पहिला सौदा झाला होता तिथून हजारो निर्वासित चीनमध्ये पळाले. ती मोहीम चालवणारा कमांडर होता मिन आँग ह्लाइंग, २०२१ मध्ये सत्ता बळकावणारा तोच. जून २०११ मध्ये काचिनांशीही लढाई सुरू झाली. कागदावरचा एकमेव करारही गेला.

उरला कागदच, सात टप्प्यांचा. ज्याने लिहिला तो घरात बंद, पण कागद कुणी फाडला नाही. अधिवेशन चालू राहिले, २००८ मध्ये राज्यघटना झाली, नोव्हेंबर २०१० मध्ये निवडणूक. अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी होते थेन सेन, खिन न्युंट गेल्यावर पहिला सचिव झालेले, आणि मार्च २०११ मध्ये तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

नजरकैद म्हणजे काय ते ब्रह्मदेशाने पूर्वी रत्नागिरीत पाहिले आहे. थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचलून आणले, आणि तो १९१६ मध्ये तिथेच वारला. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला त्याचा लाल वाडा आपल्यापैकी कित्येकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. डिसेंबर २०१२ मध्ये थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या जुन्या वरिष्ठाला मोकळे केले होते.

तो दिवस १३ जानेवारी २०१२. घराच्या फाटकाशी खिन न्युंट पत्रकारांसमोर आले, आपण पुन्हा राजकारणात पडणार नाही म्हणाले. पुढे त्यांनी घराच्या आवारात कलादालन आणि कॉफीचे दुकान काढले, ऑर्किडे लावली, आठवणींचे पुस्तक लिहिले. देपायिनला स्यू की यांचा जीव आपणच वाचवला, असा दावाही केला. जे केले ते वरच्या हुकमाने, हे पालुपद असायचेच.

त्या दिवशीच्या माफीच्या यादीत शेकडो नावे होती. त्यांत खिन न्युंट यांच्याबरोबर आणखी एक नाव होते: मिन को नाइंग. २००७ मध्ये पुन्हा पकडले गेलेले, ६५ वर्षांची शिक्षा झालेले. ते थायेतच्या तुरुंगातून बाहेर पडले तेव्हा रंगूनपर्यंतच्या रस्त्यावर गावोगाव लोक फुले घेऊन उभे होते.